फोर-गॅस डिटेक्टर, अकरा महिने वापरून: मशीन चांगलंय, पण रोज सकाळी त्याला गॅस हुंगवा

आधीच सांगून टाकते, ब्रँडचं नाव लिहिणार नाहीये. खाली तक्रारी आहेत बऱ्याच, आणि त्या कंपनीचा माणूस महिन्यातून एकदा आमच्या मकरपुऱ्याच्या ऑफिसात येऊन चहा पिऊन जातो, चांगला आहे बिचारा, त्याची चूक नाही. शिवाय मला जे म्हणायचंय ते बाजारातल्या जवळजवळ सगळ्याच फोर-गॅस मीटरांना लागू पडतं, त्यामुळे तुमच्याकडे कुठला का पीस असेना, वाचून घ्या.

मी बडोद्यात एका ठेकेदाराकडे सेफ्टी सुपरवायझर आहे. आमची कामं शटडाऊनची (प्लांट दुरुस्तीसाठी बंद असतो तेव्हाची), म्हणजे टाक्या साफ करणं, व्हेसल उघडणं, आतला स्लज म्हणजे गाळ काढणं, मग कोटिंगवाले आले की जागा त्यांच्या ताब्यात देणं. नंदेसरी, रणोली, बाजवा, कधीकधी खाली भरूच-दहेजपर्यंत. बडोद्यात राहून तेल-गॅसपासून लांब राहणं तसंही अवघडच, कोयलीची रिफायनरी १९६५ ला सुरू झाली तेव्हापासून दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात एक तरी माणूस शिफ्टच्या बसने जाणारा आहेच. आधी बाबा जायचे, एका प्लांटमध्ये ऑपरेटर होते. आता मी.

तर गेल्या वर्षी आम्ही पाच मीटर घेतले. चार साधे, हवा आपोआप आत शिरते ते, आणि एक पंपवाला, ज्याला नळी लावून बाहेर उभं राहून टाकीच्या आतली हवा ओढता येते. साधा पीस आम्हाला जीएसटी धरून ३४ हजाराला पडला, पंपवाला जवळजवळ दुप्पट. मालक म्हणाले एवढ्यात एक सेकंडहॅंड स्कूटर येते. मी म्हटलं येते, पण स्कूटर टाकीत उतरत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे मीटर चार गोष्टी बघतं: ऑक्सिजन, जळणारा गॅस, एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड, विषारी गॅस) आणि कार्बन मोनॉक्साइड. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के दिसला पाहिजे, १९.५ च्या खाली गेला की ओरडतं, २३.५ च्या वर गेला तरी ओरडतं कारण जास्त ऑक्सिजनमध्ये कपडेसुद्धा भडकतात. जळणारा गॅस एलईएलच्या टक्क्यात दाखवतं, म्हणजे हवेत किती गॅस झाला की ठिणगीने पेट घेईल त्याच्या किती जवळ पोचलोय ते. मिथेनचं एलईएल हवेच्या ५ टक्के, म्हणजे मीटरवर १० दिसलं तर हवेत मिथेन अर्धा टक्का झाला, आणि बहुतेक ठिकाणी पहिला अलार्म १० वरच ठेवतात. एचटूएसचा आमचा अलार्म १० पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १० भाग. बस, एवढंच आहे. वजन मोबाईलपेक्षा थोडं जास्त, क्लिप दणकट आहे, पिवळा रंग आहे त्यामुळे चिखलात पडलं तरी सापडतं (दोनदा सापडलंय).

आता बाबांचं सांगते कारण त्याशिवाय मला ह्या मशीनबद्दल नीट बोलताच येणार नाही. बाबा म्हणायचे, आमच्या वेळी नाक हाच डिटेक्टर. सडक्या अंड्याचा वास आला की बाजूला व्हायचं. आणि एचटूएसचा वास खरंच फार लवकर येतो, एक पीपीएमच्या खाली पण बऱ्याच जणांना येतो, त्यामुळे लोकांना वाटतं हा गॅस प्रामाणिक आहे, आधी सांगून येतो. पण गंमत अशी की १०० पीपीएमच्या आसपास गेला की थोड्याच मिनिटांत नाक बधिर होतं. वास येतो, येतो, आणि मग यायचा बंद होतो, आणि माणसाला वाटतं चला गॅस गेला. ५०० च्या पुढे माणूस काही मिनिटांत कोसळतो आणि हजाराच्या आसपास एकदोन श्वासात. बाबांचा एक जोडीदार असाच ड्रेनच्या खड्ड्याजवळ वाकून म्हणाला "वास गेला रे" आणि तिथेच बसकण मारली. वारा होता, बाकीचे जवळ होते आणि कोणीतरी शहाणपणाने श्वासाचा सेट (हवेची बाटली आणि मास्क) लावून आलं, म्हणून वाचला. बाबा हे आजही सांगतात तेव्हा आवाज खाली करतात. पण माझ्या मीटरला मात्र "तुझं पाखरू" म्हणतात, कारण ब्रिटनच्या कोळशाच्या खाणीत १९८६ पर्यंत खरोखर पिंजऱ्यातली कॅनरी पाखरं नेत असत हे त्यांनी कुठेतरी वाचलंय. फरक एवढाच की पाखरू मेलं तर दिसतं. मीटर मेलं तर दिसत नाही.

हेच मला सांगायचंय खरं तर. मीटर मेलं तरी ० दाखवतं. आणि ० बघून सगळे खूश होतात.

आमच्याकडे झालं असं. घेतल्यावर दोनेक महिन्यांनी एका हेल्परने, नवा मुलगा, मनाने अगदी चांगला, पाचही मीटर घासूनपुसून चकाचक करून टेबलावर ओळीत मांडून ठेवले. "बेन, जुओ, चमकावी दीधां." मी म्हटलं वा, कशाने पुसले रे? तर म्हणे बाईकच्या डॅशबोर्डचा पॉलिशचा स्प्रे. माझ्या पोटात गोळा आला. त्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं. आणि जळणारा गॅस ओळखणारा जो सेन्सर असतो ना, ज्यात एक बारीक तापलेला मणी असतो आणि गॅस त्या मण्यावर जळतो, त्याच्यासाठी सिलिकॉन म्हणजे विष. मण्यावर थर बसतो, गॅस जळत नाही, आकडा येत नाही. स्क्रीन चालू, बॅटरी फुल, हिरवा दिवा लुकलुकतोय, सेल्फ टेस्ट पास. सगळं छान. फक्त गॅस दिसत नाही.

मी लगेच बाटली लावली. बाटली म्हणजे कॅलिब्रेशन गॅसची, त्यात ठरलेलं मिश्रण असतं, आमच्या बाटलीत एलईएल ५० दिसायला पाहिजे असा मिथेन, एचटूएस २५, कार्बन मोनॉक्साइड १०० आणि ऑक्सिजन १८ टक्के. तीन मीटरने बरोबर दाखवलं. एकाने एलईएल ३१ दाखवलं. आणि एकाने १२. विचार करा, ५० च्या जागी १२! म्हणजे खऱ्या टाकीत एलईएल ४० असता तर त्याने १० च्याही खाली दाखवलं असतं आणि अलार्म वाजलाच नसता, आणि आम्ही वेल्डरला आत पाठवलं असतं. त्या मुलाला मी ओरडले नाही, त्याला कोण सांगणार होतं? मॅन्युअलमध्ये पान ४० च्या पुढे कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलंय की सिलिकॉन, शिसं, काही सल्फरची संयुगं लांब ठेवा. हे बॉक्सच्या झाकणावर लाल अक्षरात पाहिजे. एक स्टार मी इथेच कापतेय. हॅंडक्रीममध्ये पण काही वेळा सिलिकॉन असतं, गास्केटच्या पेस्टमध्ये असतं, सीलंटमध्ये असतं, हे पण जाता जाता. आम्ही आता फक्त ओल्या सुती फडक्याने पुसतो आणि फडकं वेगळ्या रंगाचं ठेवलंय.

तेव्हापासून नियम: रोज सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी, पाचही मीटरांना गॅस हुंगवायचा. ह्याला बंप टेस्ट म्हणतात. टोपी लावायची, रेग्युलेटर उघडायचा, पाऊण मिनिट थांबायचं, ऑक्सिजनचा आकडा खाली आला, बाकी तिन्ही वर गेले आणि अलार्म वाजला की पास, वहीत लिहायचं, सही. कॅलिब्रेशन वेगळं, त्यात मीटरला नवे आकडे शिकवतात, ते आम्ही महिन्याने करतो. लोक दोन्हीत गोंधळ करतात आणि "सहा महिन्याचं सर्टिफिकेट आहे ना" म्हणून बंप टेस्ट करतच नाहीत. अहो सर्टिफिकेट त्या दिवसाचं आहे ज्या दिवशी ते छापलं. त्यानंतर मीटर कुणाच्या हातून पडलं, कुणी पॉलिश मारलं, पावसात भिजलं, त्याचा सर्टिफिकेटशी काय संबंध.

खर्चाचं कारण पण कोणी सांगू नये, मी हिशोब मांडून मालकांना दाखवला. रेग्युलेटरमधून मिनिटाला अर्धा लिटर गॅस येतो, पाऊण मिनिटाला ०.३७५ लिटर. आमची बाटली ५८ लिटरची. म्हणजे एका बाटलीत दीडशेच्या वर टेस्ट. पाच मीटर रोज धरले तर बाटली महिनाभर पुरते. बाटली महाग असते हे खरं आणि एक्स्पायरी पण असते, बघून घ्या, दुकानदार जुना माल खपवतात, आम्हाला एकदा जेमतेम चार महिने राहिलेली बाटली दिली होती आणि वर म्हणाला मॅडम चालेल. चालेल काय, श्रीखंड आहे का!

आता एक प्रसंग, ज्याच्यामुळे मी हा रिव्ह्यू लिहायला बसले. मार्चमधली गोष्ट, एका प्लांटच्या टाकीत (कुठली ते सोडा) खाली हातभर काळा गाळ. सकाळी पंपवाल्या मीटरने वर, मध्ये आणि तळाला अशा तिन्ही ठिकाणी हवा घेतली, कारण मिथेन हलका, वर जातो, आणि एचटूएस हवेपेक्षा जड, तळाशी बसून राहतो. नळी लांब असेल तर घाई करायची नाही, नळीच्या दर एक मीटर लांबीमागे तीनचार सेकंद आणि वर दोनेक मिनिटं आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, लोक नळी सोडतात आणि पाच सेकंदात "झीरो आहे" म्हणून ओरडतात, तो झीरो नळीतल्या हवेचा असतो. आम्ही थांबलो. ऑक्सिजन २०.९, बाकी सगळं शून्य. पावणेनऊला परमिटवर (आत उतरायच्या परवानगीच्या कागदावर) सही झाली, तीन मुलं आत.

अकराच्या सुमाराला त्यांनी फावड्याने गाळ उकरायला घेतला. आणि गाळात दबलेला एचटूएस सुटला. एकाचं मीटर वाजलं, मग दुसऱ्याचं, १७, मग लगेच ४१. मुलं बाहेर आली, शिकवल्याप्रमाणे, काहीही न उचलता. त्यातल्या एकाची टॉर्च आत राहिली, तो परत वाकायला लागला तर आमच्या फोरमन काकांनी त्याची हार्नेसची पट्टी मागून अशी धरली की पोरगं तिथेच बसलं. काकांना मी तेव्हाच मनात पाच स्टार दिले. अमेरिकेच्या निऑश ह्या कामगार-सुरक्षेच्या संस्थेने १९८६ मध्येच लिहून ठेवलंय की अशा बंद जागांमध्ये मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात. टॉर्चसाठी गेलेल्यांचा हिशोब वेगळा.

मग खरी मजा. प्लांटचे इंजिनिअर आले, घाईत होते, शटडाऊनचा एकेक तास मोजत असतात ते, मी समजू शकते. म्हणाले मॅडम तुमचं मीटर फॉल्टी आहे, सकाळी शून्य होतं, दोन तासात ४१ कसं होईल, मीटर रीसेट करा आणि काम चालू करा. हे वाक्य मी ह्या धंद्यात किती वेळा ऐकलंय! आणि पूर्वी मला ह्याच्यावर बोलता यायचं नाही, कारण खरंच कोणालाच माहीत नसायचं की मीटर खरं बोलतंय की खोटं. ह्यावेळी मी वही उघडली. आजची तारीख, सकाळी ७:५०, मीटर नंबर ३, एचटूएस २५ च्या बाटलीवर २५ दाखवलं, सही. मीटर नंबर ४, २४ दाखवलं, सही. दोन वेगवेगळी मीटरं एकाच वेळी खोटं बोलत नाहीत साहेब. त्यांनी वही बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि "ठीक छे, ब्लोअर लगावो" म्हणून गेले. तीन तास हवा मारली, गाळावर पाण्याचा फवारा चालू ठेवला (गाळातला तो काळा लोखंडाचा सल्फाइड सुकला तर स्वतःच पेट घेतो, त्यामुळे ओला ठेवावाच लागतो), परत टेस्ट, नवीन परमिट, मग मुलं आत.

म्हणून म्हणते, मीटर विकत घेता तेव्हा तुम्ही अलार्म विकत घेता. पण तो अलार्म कोणीतरी मानावा लागतो, आणि तो लोक त्या वहीमुळे मानतात. वही ४० रुपयांची.

आणि सकाळचं परमिट दिवसभराचं नसतं हेही त्यात आलंच. आम्हाला ट्रेनिंगमध्ये पायपर आल्फाची गोष्ट हमखास सांगतात, ६ जुलै १९८८, उत्तर समुद्रातला प्लॅटफॉर्म, एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला होता, त्याचा कागद रात्रीच्या शिफ्टच्या लोकांपर्यंत पोचला नाही, त्यांनी तोच पंप चालू केला, १६७ माणसं गेली. दरवेळी ती स्लाइड आली की मागच्या रांगेतले झोपतात. मी पण झोपायचे. आता आमच्याकडे शिफ्ट बदलली की मीटरचा आकडा परत घेऊन परमिटवर परत लिहितात, त्याशिवाय दुसरा गट आत जात नाही.

आता हे मीटर काय करत नाही ते, कारण ते कुठलाच सेल्समन सांगत नाही. नंबर एक, बेंझिन. आपल्याकडे बेंझिनच्या कुळातल्या रसायनांची कामं किती आहेत बघा. बेंझिनचं एलईएल हवेच्या १.२ टक्के, म्हणजे १२,००० पीपीएम. मीटरवर एलईएल एक टक्का म्हणजे १२० पीपीएम बेंझिन. आणि दिवसभराच्या कामासाठी अमेरिकेत कायद्याची मर्यादा आहे १ पीपीएम, आणि ५०० ला तर ताबडतोब जिवाला धोका असं धरतात. म्हणजे मीटर ४ दाखवतंय, अलार्म १० ला आहे, मीटर गप्प, आणि माणूस जवळपास त्या ५०० मध्ये उभा! त्यासाठी पीआयडी नावाचं वेगळं मशीन लागतं, ज्यात दिव्याच्या प्रकाशाने गॅस मोजतात, ते पीपीएममध्ये दाखवतं. महाग आहे, आम्ही भाड्याने आणतो. फोर-गॅस मीटरवर शून्य म्हणजे हवा स्वच्छ असं नाही, फक्त ह्या चार गोष्टींबद्दल शून्य.

नंबर दोन, नायट्रोजन. टाकीत नायट्रोजन भरून ठेवलेला असेल तर त्याला वास नाही, रंग नाही, आणि आत एकदोन श्वास घेतले की माणूस खाली, खोकायलाही वेळ मिळत नाही. बरं त्या तापलेल्या मण्याला गॅस जाळायला ऑक्सिजन लागतो, त्यामुळे नायट्रोजनच्या टाकीत जळणारा गॅस भरपूर असला तरी एलईएल कमी किंवा शून्य दिसतो. म्हणून आधी ऑक्सिजन बघायचा, मग एलईएल, मग विषारी गॅस, ह्याच क्रमाने. आमचा एक जुना मिस्त्री पहिला एचटूएस बघायचा आणि म्हणायचा "आज गंध नहीं है". त्याला क्रम शिकवायला मला सेव-उसळ चारावी लागली, तीन वेळा.

नंबर तीन, हायड्रोजन. कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर हायड्रोजनलापण फसतो. आम्ही बॅटरी रूममध्ये गेलो तर मीटर सीओ सीओ करून बोंबलायला लागलं, तिथे कसला सीओ, बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सुटतो तो. पण म्हणून "खोटा अलार्म" म्हणून सोडून देऊ नका, हायड्रोजन आहे ही बातमी पण काही कमी वाईट नाही.

तक्रारी. मॅन-डाऊन अलार्म, म्हणजे माणूस हलला नाही की मीटर ओरडतं, कल्पना फार चांगली आहे, पण त्याची वेळ आमच्या मीटरला ३० सेकंदांवर सेट होऊन आली होती, टूलबॉक्स टॉक (कामाआधीची सेफ्टीची छोटी बैठक) चालू असताना सगळे शांत उभे राहिले की पाचही मीटर एकदम किंचाळायचे. ती वेळ वाढवायला कॉम्प्युटरला जोडावं लागतं, सॉफ्टवेअर लागतं, आणि सॉफ्टवेअरचा डोंगल वेगळा विकतात!! हे म्हणजे कुलूप विकून किल्लीचे पैसे वेगळे. वेळ वाढवली, आता बरं चालतं. नवरात्रात मात्र त्याचा खरा उपयोग झाला, रात्री दोनपर्यंत गरबा आणि सकाळी सहाला शिफ्ट, मॅनहोलजवळ उभा केलेला स्टँडबाय माणूस दुपारी बसल्याबसल्या पेंगायला लागला आणि त्याच्याच मीटरने त्याला उठवलं. त्याला वाटलं गॅस आला, पार गेटपर्यंत पळाला. हसू नका, स्टँडबाय झोपणं ही काही हसायची गोष्ट नाही, आता नवरात्रात आम्ही स्टँडबाय दर दोन तासाने बदलतो.

आवाज: कंपनी ९५ डेसिबल म्हणते. कॉम्प्रेसरजवळ ऐकू येत नाही. थरथर मात्र कव्हरॉलमधून जाणवते, आणि लाल दिवे जोरदार आहेत.

उन्हाळा: मे महिन्यात बडोद्याचा पारा ४२-४३ ला, उन्हातल्या टाकीच्या आत त्याहून किती जास्त ते तुम्हीच समजा. मीटर ५० अंशापर्यंत चालतं असं लिहिलंय. एकदा स्क्रीन पूर्ण काळी पडली, सावलीत आणल्यावर परत आली. आकडा वाचता येत नसेल तर माणसालाही आत ठेवायची वेळ नाही असं आम्ही धरतो, त्यामुळे हा दोष आहे की वरदान माहीत नाही.

पावसाळा: पाण्यात पडलं तरी आत पाणी जात नाही, ते खरं आहे, मी बादलीत बुडवून पाहिलंय. पण सेन्सरच्या जाळीवर पाण्याचा थेंब बसला की गॅस आत जातच नाही आणि स्क्रीनवर परत आपला लाडका शून्य. झटकायचं, पुसायचं, परत बंप.

लावायची जागा: नाकाच्या जवळ, छातीवर, वीतभराच्या अंतरात. मुलं कंबरेला लावतात, किंवा वाजतं म्हणून खिशात टाकतात. खिशातलं मीटर खिशातली हवा मोजतं. माझी आणखी एक अडचण, बायकांसाठी कव्हरॉल मिळतात तेच मुळात पुरुषांचे, छातीवरचा खिसा जवळजवळ पोटावर येतो, मी शेवटी हार्नेसच्या पट्ट्याला लावते. हा मीटरचा दोष नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सर्व्हिस: इथेच सगळ्यात वाईट अनुभव. तो १२ दाखवणारा पीस सर्व्हिसला पाठवला, २६ दिवसांनी आला. सेन्सर वॉरंटीत बसत नाही म्हणाले कारण "वापरणाऱ्याची चूक". मान्य, आमचीच चूक, पण २६ दिवस? तेवढे दिवस मी एक माणूस कमी आत पाठवत होते. मालक म्हणाले चार मीटरांवर पाच माणसं पाठव, दोघं जवळजवळ उभे राहतील. मी म्हटलं लिहून द्या. दिलं नाही, आणि माणसंही चारच गेली. ऑक्सिजनचा सेन्सरही तसाच, तो शिशाचा असेल तर वापरा नाहीतर कपाटात ठेवा, दोनेक वर्षात संपतोच, मेणबत्तीसारखा आतल्या आत जळत असतो. घेताना विचारा कुठला आहे, आणि बनल्याची तारीख बघा, विकल्याची नाही.

घ्यायला जाल तेव्हा अजून एक, पेसोचा, म्हणजे केंद्र सरकारच्या पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेच्या संस्थेचा, कागद मागा. हे ऑफिस आपल्या नागपूरला आहे, स्फोटक जागांमध्ये कुठलं इलेक्ट्रिकचं सामान चालेल ते हेच ठरवतात. एक दुकानदार मला सांगत होता की "इंपोर्टेड है, सब जगह चलता है", कागद मागितला तर म्हणाला व्हॉट्सॲप करतो. अजून करतोय. ऑनलाइन सात-आठ हजारात जे बिनकागदाचे येतात ते घरच्या टाकीसाठी पण घेऊ नका, गॅस मोजणाऱ्या मशीननेच ठिणगी टाकली तर काय सांगणार कोणाला.

डेटा लॉगिंग चांगलं आहे, दिवसभरातला सगळ्यात मोठा आकडा साठवून ठेवतं. सुरुवातीला मुलं घाबरायची, "बेन, में कशुं नथी कर्युं", त्यांना वाटायचं आकडा वाढला म्हणजे त्यांचा पगार कापणार. मी सांगितलं ज्याचं मीटर वाजेल आणि जो न विचारता बाहेर येईल त्याचा चहा माझ्याकडून. ह्या अकरा महिन्यात नऊ चहा झालेत. त्यातले दोन खोटे होते असा मला संशय आहे, पण चहा दिला.

एकूण: मशीनला चार स्टार, मॅन्युअलला दोन, सर्व्हिसला एक, डोंगलच्या कल्पनेला शून्य. परत घेणार का, तर हो, सहावा घेतोय, एक कायम जादा राहावा म्हणून, आणि ह्यावेळी चारही जागी लावलेले मीटर एका दमात टेस्ट करणारं बंप स्टेशन पण मागितलंय, किंमत ऐकून मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बाटलीसुद्धा आता मीच जाऊन एक्स्पायरी वाचून आणते.

परवा एक मीटर चुकून घरी आलं, पिशवीत राहिलं. पहाटे तीनला बॅटरी कमी झाली म्हणून मिनिटामिनिटाला टिंव टिंव. बाबा उठून बसले, लाइट न लावता आधी खिडकी उघडली, मग मला हाक मारली, "अगं तुझं पाखरू ओरडतंय, बाहेर चल आधी." मी म्हटलं बाबा बॅटरी संपलीय फक्त. तरी ते आईला घेऊन अंगणात जाऊन उभे राहिले, मी चार्जिंगला लावून आकडे वाचून दाखवेपर्यंत आत आले नाहीत. ऑक्सिजन २०.९, बाकी शून्य. "सकाळी हुंगवलं होतंस का?" म्हणून विचारलं त्यांनी, मग झोपायला गेले.

सर्व्हिसमधून आलेला तो पीस परत थोडा कमी दाखवायला लागलाय, ५० ला ४४. अजून पास होतोय, पण नजर ठेवून आहे. काही झालं तर इथेच अपडेट टाकते.